आज जे आलंय ते

"मेनूकार्ड नाही, दादा. आज जे आलंय ते आहे." चुलीपुढं बसलेल्या मावशी बोटांवर मोजून सांगतात. वास्त्याची भाजी, अंबाडी, तुरीची डाळ, भात. नागलीची भाकर आहे, पण ती माणूस बसल्यावरच तव्यावर पडणार, आधी करून ठेवायची नाही. कोंबडी ज्यांनी सकाळी सांगितली त्यांनाच. माझ्यासोबत आलेले खांडबाऱ्याचे शिक्षक मित्र म्हणतात, "काकी, सकाळी फोन आला होता तो आमचाच." "मग बसा सर. शिजतेय अजून," असं म्हणत त्या चुलीतलं लाकूड पुढं सारतात.

भाद्रपद लागलाय. विसरवाडीत सकाळपासून झड आहे आणि पत्र्यावर पाऊस इतका वाजतोय की समोरच्याशी बोलतानाही आवाज चढवावा लागतो. शेड सुरत–धुळे महामार्गापासून थोडी आत आहे. पुढं चिखल, त्यात ट्रकच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या. मागं भाताचं खाचर, पोटरीला आलेलं. धुळ्याकडून येणारी वाहनं दहिवेल मागं टाकून कोंडाईबारीचा घाट उतरतात ती इथं येऊन दम खातात. इथूनच एक रस्ता खांडबाऱ्यावरून नंदुरबारला फुटतो आणि सरळ जाणारा नवापूर ओलांडून गुजरातेत शिरतो. त्यामुळे नाक्यावर खाण्याच्या जागांना तोटा नाही. काठियावाडी, पंजाबी, साउथ इंडियन, खान्देशी शेवभाजी, जैन जेवण वेगळं मिळेल, अशा पाट्या ओळीनं लागलेल्या आहेत. परमिट रूमच्या पाट्या त्याहून मोठ्या, कारण पुढं सीमा ओलांडली की दारूबंदी सुरू होते.

या सगळ्या पाट्यांत मावची आणि कोकणी या इथल्या आदिवासी समाजांच्या घरांतलं जेवण कुठंच नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा नंदुरबार जिल्हा. २०११च्या जनगणनेप्रमाणे इथले ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. म्हणजे दहातल्या सात घरांत रोज जे शिजतं, ते त्याच जिल्ह्याच्या हमरस्त्यावर पैसे देऊनही मिळत नाही. मला हे फार दिवस खटकत आलंय. म्हणून या शेडबद्दल सरांनी सांगितलं तेव्हा मी आणखी काही विचारलंच नाही.

शेडला नावाची पाटी आहे, पण ती रंगवून घेतलेली नाही. पत्र्यावर पांढऱ्या रंगानं हातानं लिहिलेलं 'जेवण', खाली एक मोबाइल नंबर. आत चार लाकडी बाक आणि एक खाट. मातीची दोन तोंडांची चूल, तिच्यावर एकीकडं ॲल्युमिनियमचं पातेलं, दुसरीकडं मातीचा तवा. कोपऱ्यात गॅसची शेगडी आहे, पण तिच्यावर फक्त चहा होतो.

मावशींची सून विळीवर वास्ते सोलते आहे. बांबूचे हे कोंब पावसाळ्यात जमिनीतून वर येतात तेव्हा त्यांच्यावर एकावर एक तपकिरी आवरणं असतात आणि त्या आवरणांवर बारीक कूस. ती बोटांत रुतते, म्हणून सून तळहाताला फडकं गुंडाळून एकेक आवरण ओढून काढते. हातभर लांब कोंब सोलत सोलत वीतभर उरतो. आतला गाभा मलईच्या रंगाचा, कापताना करकर आवाज करणारा. त्याच्या ती कागदासारख्या पातळ चकत्या करते आणि त्या पाण्याच्या बादलीत टाकते. तिच्याशेजारी पडलेला टरफलांचा ढीग बादलीतल्या भाजीच्या तिप्पट आहे.

"आज खायचं ते कालच कापलेलं," मावशी सांगतात. "रात्रभर पाण्यात राहतं. सकाळी उकळायचं, ते पाणी फेकायचं. मग भाजी. घाई केली तर कडू लागतं आणि बाधतं." कच्च्या कोंबात सायनाइड सुटणारं द्रव्य असतं, हे पुस्तकातून मला माहीत आहे, उकळून पाणी फेकलं की ते निघून जातं. मावशींना ते आजीकडून माहीत आहे, आणि दोघांचं ज्ञान त्या फेकलेल्या पाण्यापाशी येऊन जुळतं.

कुठून आणता, असं विचारल्यावर त्या आधी सरांकडं पाहतात. सर मान डोलावतात. मग म्हणतात, "शेताच्या बांधावर काटसचं बेट आहे, सासऱ्यांच्या वेळचं. पुरलं नाही तर भाऊबंदांकडून. बेटातले सगळे काढत नाही. निम्मे ठेवायचे, नाहीतर बेट मरतं." त्यांनी आधी सरांकडं का पाहिलं असेल ते मला उमगतं. १९२७च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती आणि पिढ्यान्‌पिढ्या इथल्या माणसांनी वास्ते टोपलीत पानांखाली झाकून आणले. २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात आला, २०१७मध्ये वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतूनही निघाला. कायदा बदलला, तरी अनोळखी माणसानं 'कुठून आणता' विचारलं की पोटात येणारा गोळा एवढ्या लवकर जात नाही. मी विषय भाकरीवर नेतो.

एक ट्रक चाकोरीतून हेलकावे खात येतो आणि शेडपुढं थांबतो. नंबर आसामचा. सुरतेहून कापड भरून गुवाहाटीला निघालेला. केबिनमधून दोघं उतरतात, क्लीनर टायरांना लाथ मारून हवा पाहतो आणि ड्रायव्हर, पन्नाशीतला, बारीक अंगाचा माणूस, आत येऊन आधी एकच प्रश्न विचारतो, "चावल है?" आहे म्हटल्यावर तो निवांत होतो. आपण नगांवचे, असं तो सांगतो. सुरतेपासून इथवर रस्त्यात सगळीकडं रोटी नाहीतर तळण. भाताचं पातेलं नुसतं दिसलं तरी त्याला बरं वाटतं. विसरवाडीत भात मिळणं साहजिक आहे. नंदुरबार-शहाद्याकडं पाऊस कमी, तिकडं ज्वारी आणि कापूस. नवापूर तालुक्यात पाऊस जास्त, म्हणून इथं खाचरं. "हा तांदूळ मागच्या सालचा," मावशी मला सांगतात. "या सालचा नवाय झाल्यावर. त्याच्या आधी घरात नवं शिजत नाही. मग इथं कसं शिजवू?" नवाय म्हणजे नव्या पिकाची पूजा. धंद्याची चूल आणि घरची चूल त्यांनी वेगळी केलेली नाही. घरी जे पाळायचं ते इथंही पाळायचं.

आता भाकरी. नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात कालवून मावशी परातीत तळहाताच्या टाचेनं रगडतात. या पिठाला गव्हासारखी चिकटी नाही, म्हणून ही मेहनत. मग पाण्याचा हात लावत गोळा दोन्ही तळव्यांमध्ये थापत फिरवतात. भाकरी हवेतच मोठी होत जाते, परातीला टेकत नाही. तव्यावर पडली की तिच्यावर पाण्याचा हात, मग उलटी, मग तव्याखालच्या निखाऱ्यांना उभी. फुगते, एका कडेला फाटते, वाफ सुटते. रंग विटकरी आणि काळ्याच्या मधला. पळसाच्या पत्रावळीवर ती पडते तेव्हा पानालाही उष्ण, हिरवा वास सुटतो.

वाढप सून करते. भाकरीच्या कडेला वास्ते, त्याला लागून अंबाडी, मधोमध ठेचा, द्रोणात डाळ. कांदा कापलेला नाही, हातानं फोडलेला.

वास्त्याची भाजी मी आधी नुसतीच तोंडात घालतो. उडदाची सालाची डाळ घालून केलेली आहे. लसूण, मिरची, मीठ, हळद, बास. गरम मसाला नाही, खोबरं नाही, शेंगदाण्याचा कूट नाही. कोंब शिजूनही दाताखाली किंचित करकरतो आणि मागं एक कडसर चव ठेवतो, जी पुढच्या घासाला बोलावते. उडदाचा बुळबुळीतपणा आणि कोंबाचा करकरीतपणा यांचं इतकं जमतं की कोणत्या शतकात कोणी हे दोन पदार्थ पहिल्यांदा एकत्र शिजवले असतील असा विचार मनात येतो. खान्देशी काळ्या मसाल्यावर माझा पिंड पोसलाय, मला तो जीव की प्राण. पण तो मसाला या भाजीत पडला तर भाजी उरणार नाही.

अंबाडी तांदळाच्या कण्या घालून शिजवलेली, आंबट आणि मऊ. ठेचा सुक्या लाल मिरचीचा, पाट्यावर लसणासोबत वाटलेला. मिरची नंदुरबारची. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचे ट्रॅक्टर रांगा लावून उभे असतात आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर एकरच्या एकर लाल पसरलेलं दिसतं. त्या वाऱ्यात उभं राहिलं की ठसका लागतो. हा ठेचा त्या वाऱ्याइतका तिखट नाही, पण जवळपास आहे.

आणि डाळ. हिच्यासाठी मी एकटाही आलो असतो. नवापूरच्या तूरडाळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, देशी वाणाची, घरी जात्यावर भरडलेली, पॉलिश न केलेली ही डाळ. मावशींच्या द्रोणातली पातळ आहे, वरण म्हणावं तर घट्टपणा नाही, आमटी म्हणावं तर मसाला नाही. तिला स्वतःचा गोडसर वास आहे. दुकानातल्या चकचकीत डाळीला तो नसतो, म्हणून आपण तिच्यावर जिरं, हिंग, टोमॅटो, काय काय टाकत बसतो. हिच्यात फक्त लसूण, हिरवी मिरची आणि आंबटपणासाठी आमचुराच्या दोन फोडी. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडं, चैत्र-वैशाखात घरच्या घर कैऱ्या सोलायला बसतं. काप करून खडकांवर, अंगणात, छपरावर वाळत घालतात आणि वाळलेल्या फोडी व्यापारी किलोनं नेतात. आंबा पिकेपर्यंत थांबायची सवड नसलेल्या घरांचं ते नगद पीक आहे. डाळीत फुगलेली फोड मी दातात धरून चोखतो. आंबट आहे, पण चिंचेसारखा तो आंबटपणा जिभेवर रेंगाळत नाही.

ड्रायव्हर भातावर डाळ ओतून घेतो, वास्त्याचा घास घेतो आणि थांबतो. पुन्हा एक घास घेतो. "ये तो बाँस है," तो म्हणतो. सून हसते. मग तो हिंदीत सांगू लागतो आणि सर मावशींना मावचीत सांगत जातात. आसामात कोंब किसतात, बरणीत दाबून भरतात, त्याच्याच पाण्यात तो आंबतो, मग महिनोन्‌महिने टिकतो. त्याला खोरिसा म्हणतात. माशात घालतात, डुकराच्या मटणात घालतात, नुसता मोहरीच्या तेलासोबत भाताशी खातात.

मावशी भाकरी थापायची थांबतात. "आंबवतात? वास येत नाही?"

"येतो ना. वासासाठीच तर," ड्रायव्हर म्हणतो. "तुम्ही का नाही आंबवत?"

"आमच्याकडं उरेल तर आंबवू ना, भाऊ!"

सर मध्येच सांगतात की डांगकडं, वघई-सापुताऱ्याच्या रस्त्यावर वास्त्याचं लोणचं बाटलीत भरून विकायला असतं. मावशींना ते माहीत आहे, पण त्यात तेल आणि मसाला फार, असं त्यांचं मत. बरणीत नुसतं दाबून भरायचं, तेल नाही, मसाला नाही, या गोष्टीत त्यांना खरा रस वाटतोय. किती दिवस, किसायचं की कापायचं, पाणी घालायचं का, त्या एकेक प्रश्न विचारतात आणि ड्रायव्हर उत्तरं देतो. शेवटी तो कबूल करतो की भरायचं काम घरात आई आणि बायको करतात, आपण फक्त खातो. "मग बायकोला फोन लावा," मावशी म्हणतात. तो खरंच लावतो. लागत नाही, घाटाकडं अंधारून आलंय आणि नेटवर्क गेलंय.

आसामी जेवण मी गुवाहाटीत जेवलोय. तिथं पहिला पदार्थ खार. भीमकोल नावाच्या केळ्याची साल वाळवून जाळतात, तिच्या राखेतून पाणी गाळून घेतात आणि त्या पाण्यात कच्ची पपई, दुधी किंवा डाळ शिजवतात. जेवणाच्या शेवटाला टेंगा, म्हणजे माशाचा आंबट रस्सा, टोमॅटोचा किंवा औटेंगा या मोठ्या आंबट फळाचा. मध्ये भाजलेल्या वांग्याचं, बटाट्याचं पिटिका. मसाला नाहीच म्हणावा इतका थोडा. हे सगळं तिथं सार्थेबारीच्या कारागिरांनी घडवलेल्या काशाच्या ताट-वाट्यांत वाढतात, आणि गुवाहाटीची सुखवस्तू माणसं, बाहेरून आलेले पाहुणे ते मानानं मागवतात. राखेच्या पाण्यात शिजवलेली भाजी हे गरिबीचं जेवण आहे, असं तिथं कोणी म्हणत नाही. ती आमची चव आहे, असं म्हणतात आणि दाम घेतात.

मी खारची रीत मावशींना सांगतो. राखेचं पाणी जेवणात, हे ऐकून त्या आधी तोंड वाकडं करतात आणि मग विचारतात, "पोटाला बरं असतं का?" ड्रायव्हर म्हणतो, फार बरं. हे त्यांना पटतं.

गुवाहाटीसारखं काही इकडं घडलेलं नाही असं नाही. सीमेपलीकडं, दक्षिण गुजरातेत वांसदा आणि डांगच्या बाजूला आदिवासी बायकांच्या बचतगटांनी 'नाहरी' नावाची जेवणाची केंद्रं चालवली आहेत. नागलीचा रोटला, उडदाची डाळ, वास्त्याची भाजी. सुरत-नवसारीची माणसं सुटीच्या दिवशी गाड्या काढून तिथं जेवायला जातात. त्यात सगळ्यात मोलाची गोष्ट मला ही वाटते की गल्ला त्या बायकांच्या हातात आहे. विसरवाडीतून ती गावं फार लांब नाहीत. त्यांची आणि इथली भाषा, देव, शेतं एकमेकांत मिसळलेली आहेत. मग आपल्या हद्दीत रस्त्याकडेला असं एखादंच हातानं लिहिलेलं 'जेवण' का?

सर याचं उत्तर लग्नावर नेतात. त्यांच्या घरी, त्यांच्या लहानपणी, मांडवात तुरीची डाळ आणि भात असायचा, सगळं गाव एकाच पंगतीला. आता नवरदेवाकडचे विचारतात, पनीर आहे का, गुलाबजाम आहेत का. केटरिंगवाला येतो आणि नंदुरबारला जो मेनू तोच इथं. "घरी पाहुणा आला तर आम्हीही पोल्ट्रीचं आणतो," ते सांगतात. "नागली पुढं ठेवली तर पाहुण्याचा अपमान केल्यासारखं वाटतं आम्हाला. शहरात तीच नागली आता महाग पाकिटात विकतात." २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. त्या वर्षी शहरातल्या दुकानांत नाचणीच्या बिस्किटांचे थर लागले. इथल्या उतारावर नागली लावणाऱ्या घराला त्यातून काय मिळालं, हा प्रश्न सर विचारतात आणि आम्ही दोघंही काही बोलत नाही.

कोंबडी येते. काळसर मांस, हाडं बारीक आणि टणक, रस्सा पातळ, तांदळाचं पीठ लावून किंचित दाट केलेला. वर तेलाचा तवंग नाही, कोंबडीचीच पिवळी चरबी डोळ्यांसारखी तरंगते आहे. मांस दातांनी ओढून काढावं लागतं. ही अंगणातली कोंबडी. या तालुक्यात कोंबडी म्हटलं की एक आठवण कोणाच्याही मनातून जात नाही. फेब्रुवारी २००६मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये सापडला. लाखो पक्षी मारून पुरले गेले. पोल्ट्रीच्या शेडपासून ठरावीक अंतरातल्या घरांतल्या, अंगणातल्या कोंबड्याही त्यात गेल्या. २०२१च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच. पोल्ट्रीवाल्यांचं नुकसान मोठं होतंच, पण अंगणात चार कोंबड्या म्हणजे ज्या बाईची अडीअडचणीची पुंजी, तिचं दुःख कोणत्या आकड्यात धरायचं? मावशी सांगतात, त्यांचं गाव त्या कक्षेत नव्हतं, पण नवापूरला दिलेल्या लेकीच्या अंगणातल्या गेल्या. "पोरं कोंबडीमागं धावत होती, लपवायला," त्या म्हणतात आणि पातेल्यात डाव फिरवत राहतात.

ही शेड कशी सुरू झाली तेही त्या कामाच्या ओघातच सांगतात. नवरा-बायको कोयता घेऊन बारडोलीकडं ऊस तोडायला जायचे, दिवाळीनंतर जायचं ते उन्हाळ्यात परतायचं. फडावर कोपी, पहाटे तीनला उठून भाकऱ्या. गुडघे गेले तसं जाणं थांबलं. बचतगटातून थोडे पैसे उचलले. सुरुवातीला बाकीच्यांसारखीच शेवभाजी केली, पनीरही करून पाहिलं. "पण ते मला येत नाही. लोक म्हणायचे, शेजारच्या ढाब्यावर चांगलं मिळतं. खरंच मिळायचं. मग म्हटलं, येतं तेच करू." आता रस्त्याच्या कामावरची माणसं, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, तहसीलला निघालेले गावकरी आणि अधूनमधून आमच्यासारखे, असं गिऱ्हाईक आहे. पाऊस संपला की वास्ते जातील, मग वाल येईल, शेवगा येईल, उन्हाळ्यात मोहाची फुलं. मोहाच्या फुलांची भाकरी मागायला नवापूरहून माणसं येतात, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलतो.

मला इथं एक भीती वाटते, ती सांगून टाकतो. अशा जागेची बातमी शहरात पोचली की कोणीतरी येतं, भिंतीवर वारली काढतं, बायकांना एकसारख्या साड्या देतं, 'आदिवासी थाळी' असं नाव देऊन बारा वाट्या मांडतं आणि वास्ते वर्षभर मिळाले पाहिजेत म्हणून ते डब्यातून आणतं. भिंतीवर वारली काढणाऱ्याला हेही ठाऊक नसतं की ती चित्रं पालघरकडची, या घरांची नव्हेत. मावशींच्या जागेची ताकद तिच्या मर्यादेत आहे. बेटात निम्मे कोंब ठेवायचे म्हणून भाजी मोजकीच होते. नवाय झाल्याशिवाय नवा तांदूळ नाही. भाकर बसल्यावरच. तिला नटवायची गरज नाही. गरज आहे ती इथं जे शिजतं ते खाणाऱ्या आणि त्याचे रास्त पैसे देणाऱ्या माणसांची.

रस्त्याच्या कामावरची सहा-सात माणसं भिजत आत येतात. बाक भरतात. आम्ही हात धुवायला उठतो आणि सर हिशेब विचारतात. मावशी सांगतात, ताटाचे दीडशे, कोंबडी वेगळी.

"ताटात तर डाळ-भाजीच होती काकी," सर सहज म्हणून जातात. "वास्ते, अंबाडी. घरचंच सगळं."

मावशी हातातलं पीठ झटकतात. "सर, बेटातून आणायला पोरगा गेला, त्याचा दिवस. सोलायला सून बसली, तिचा दिवस. दोनदा उकळायला लाकूड. पनीरचे तुम्ही दोनशे देता ना तिकडं? ते तर पुडीतून काढून टाकतात."

सर लगेच पैसे काढतात. "बरोबर आहे, काकी. माझं चुकलं," असं ते मनापासून म्हणतात आणि वर एक किलो तूरडाळ मागतात. ड्रायव्हरही खिशातून नोटा काढत चुलीपाशी येतो. त्याला सोललेले, न उकळलेले कोंब हवेत. नागपूरला मुक्काम आहे, तिथं किसून बरणीत भरीन म्हणतो. मावशी बादलीतले नाही, विळीजवळचे कोरडे काप निवडून तराजूत टाकतात, काटा बघतात आणि किंमत सांगतात. तो घासाघीस करत नाही. मग त्या सुनेला मोबाइल आणायला सांगतात, त्याचा नंबर घेतात, सुनेकडून तो फोनमध्ये टाकून घेतात. "पोचलात की बायकोशी बोलणं करून द्या," त्या त्याला बजावतात. "मी दोन कोंब आंबवायला ठेवते. बिघडले तर तिलाच विचारीन." आणि परातीकडं वळून त्या नव्यानं आलेल्या माणसांना विचारतात, भाकरी किती.